घोडा पाच चालींत का पोहोचत नाही

बुद्धिबळाच्या मोहऱ्याला त्याच्याच चालीने, भिंती चुकवत, ठरलेल्या घरी न्यायचे, अशा एका संगणकीय चक्रव्यूहात घोडा एका कोपऱ्यातून कर्णावरच्या समोरच्या कोपऱ्यात पाच चालींत जात नाही, म्हणून कोडेच सदोष असावे, असे एकाने म्हटले आहे. ते मला पटत नाही. घोडा प्रत्येक चालीला घराचा रंग बदलतो आणि हे दोन्ही कोपरे एकाच रंगाचे असल्याने चालींची संख्या समच असली पाहिजे. शिवाय आडवी व उभी मिळून 14 घरे ओलांडायची असतात आणि एका चालीत तीनच (दोन सरळ, एक बाजूला) ओलांडता येतात, म्हणजे चार चाली अपुऱ्या पडतात. मोकळ्या पटावर उत्तर 6 येते. मध्ये भिंती असतील तर 8 किंवा 10 होऊ शकेल, पण विषम कधीच नाही. उंटाचे याहून सोपे आहे: तो घराचा रंग कधीच बदलत नाही, म्हणून लक्ष्याचे घर दुसऱ्या रंगाचे असेल तर शोधण्यात वेळ घालवूच नये.

आमच्या अमळनेरला दुपारी वीज गेली, की मी लाकडी पटावर सरकीचे दाणे भिंती म्हणून मांडतो आणि शेवटच्या घरापासून उलट मोजत येतो. या उलट्या मोजणीत फसव्या वाटा फार लवकर गळून पडतात.