दोघींची दुरंगी लिनो छापचित्रं : रंग आणि रेषा जुळत नाहीत

प्रश्न
मी आणि मैत्रीण मिळून स्वयंपाकघरातल्या वस्तूंची दुरंगी लिनो छापचित्रं (मऊ लिनोलियम कोरून केलेल्या ठशाची) करतोय : विळी, तांब्या, पोळपाट-लाटणं, डाळीचे डबे. रेषेचा ब्लॉक ती कोल्हापुरात कोरते, रंगाचा मी पुण्यात. माप ३० × ४० सेंमी, प्रत्येक चित्राच्या २० प्रती. चित्र ट्रेसिंग पेपरवरून उतरवतो. २५० जीएसएम कागद ओलसर करून पुण्यात एचिंग प्रेसवर छापतो. तांब्याच्या कडेला कुठे पांढरी फट, कुठे रंग बाहेर. दोनेक मिमी हलतं. शिवाय सही कुणाची करायची?

उत्तर १
ट्रेसिंग पेपर आधी बंद करा. दमट हवेत तो फुगतो, आणि दोघी वेगवेगळ्या गिरवता ते निराळंच.

मैत्रिणीला रेषेचा ब्लॉक पूर्ण कोरू द्या. बोर्डावर काटकोनात दोन पट्ट्या ठोकून त्यात तो बसवा, शाई लावा आणि पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मवर ठसा घ्या. फिल्मची एक कड बोर्डाला टेपने पक्की हवी. फिल्म उचलून धरा, ब्लॉक काढा, त्याच जागी कोरा लिनो ठेवा आणि फिल्म परत दाबा. ओली रेघ लिनोवर उतरते. फिल्मवर उलटलेली असते ती इथे पुन्हा मूळ ब्लॉकसारखी होते. टाल्कम पावडर भुरभुरवा, दिवसभर सुकू द्या, मग पुण्याला पाठवा. दोन्ही लिनो एकाच मापाचे, एकाच जाडीचे हवेत.

कोरताना रंगाची कड रेषेखाली अर्धा ते एक मिमी जाऊ द्या. बरोब्बर रेषेपाशी थांबलात तर फट दिसणारच.

उत्तर २
कागद ओला कशाला? एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावरून छापताना) कागदाला खाचेत शिरून शाई उचलायची असते, म्हणून तो भिजवतात. लिनोत शाई वरच्या पृष्ठावरच असते. ओला कागद फुगतो आणि पहिल्या रंगानंतर सुकताना आकसतो. कोरडाच छापा.

दुसरं, तागाच्या पाठीचा सुटा लिनो रोलरखाली ताणला जातो. ६ मिमी एमडीएफवर चिकटवा (फिल्मचं काम करायच्या आधीच), आणि प्रेसचा दाब कमी करा.

रंग आधी, रेषा शेवटी. शाई लाटताना हलकी सळसळ ऐकू यायला हवी. चपचप वाजली तर शाई जास्त आहे आणि बारीक खाचा बुजतील. ड्रायर (शाई लवकर सुकवणारं द्रव्य) जपून. जास्त झाला तर पहिला थर कडक, चकचकीत होतो आणि वरची शाई धरत नाही.

प्रश्नकर्ती
पण प्रेस पुण्यात आहे. कोल्हापुरात फिल्मवर ठसा कसा घेणार?

उत्तर ३
चमच्याच्या पाठीने घासून. फिल्म एका हाताने दाबून धरा, मधून कडेकडे घासत जा.

पुढच्या चित्रांसाठी केंतो (जुळणीच्या खुणा) वापरून पाहा. जपानी लाकूडठशांत चित्र काढणारा, कोरणारा आणि छापणारा वेगवेगळे असत, त्यामुळे जुळणीची खूण ब्लॉकमध्येच कोरलेली असते : एका कोपऱ्यात काटकोन, त्याच कडेवर पुढे एक सरळ खाच. फिल्मवर चित्राबरोबर खुणाही उतरतात. मात्र ब्लॉक कागदापेक्षा मोठा घ्यावा लागतो.

सही पेन्सिलने : डावीकडे ५/२० (वीसपैकी पाचवी प्रत), मध्ये शीर्षक, उजवीकडे दोघींच्या सह्या, सगळ्या प्रतींवर एकाच क्रमाने. विषम क्रमांकाच्या प्रती एकीला, सम क्रमांकाच्या दुसरीला. आर्टिस्ट प्रूफ (क्रमांकाबाहेरच्या, स्वतःसाठी ठेवायच्या प्रती) साधारण दहा टक्के ठेवतात, म्हणजे एकेकीला एक. दोन्ही ब्लॉक कुणाकडे राहणार आणि पुन्हा छापायचे का, हे आत्ताच लिहून ठेवा.

आणि डब्यावर ‘तूरडाळ’ लिहिणार असाल तर अक्षरं उलटी कोरा. कोरण्याआधी आरशात वाचून पाहा, कान्याची बाजू हमखास चुकते.