चीनचं बांधकाम थंडावलं, आता लोखंड विकणाऱ्यांनी करायचं काय?

खाणकामगार: वीस वर्षं चीन नुसता बांधत सुटला होता आणि ऑस्ट्रेलिया पिलबारा या खाणपट्ट्यातली लाल माती, म्हणजे लोखंडाचं खनिज, जहाजात भरून पाठवत होता. 2020 ला बीजिंगने बिल्डरांच्या कर्जाला 'तीन लाल रेषा', म्हणजे मर्यादा, आखून दिल्या, पुढच्या वर्षी एव्हरग्रांड ही बडी बिल्डर कंपनी कर्ज फेडता न येऊन डिफॉल्ट झाली, तिथून घरबांधणी बसली ती बसलीच. आता सगळे म्हणतात चीन बांधकामासारख्या गुंतवणुकीकडून उपभोगाकडे, म्हणजे लोकांच्या रोजच्या खर्चाकडे वळणार, मग इतर देशांच्या एक्सपोर्टला नवं गिऱ्हाईक मिळणार. मला नाही पटत. पूल बांधायचा तर लोखंडाचं खनिज, तांबं बाहेरून आणावं लागतं, पण माणूस केस कापायला गेला तर बाहेरून काय येतं? कात्रीसुद्धा त्यांचीच.

उलटतपासणी: केस सोडा हो, चेरी बघा! चिलीच्या चेरीच्या निर्यातीतला जवळपास नव्वद टक्के माल चीनला जातो, चिनी नववर्षाच्या आत पोचावा म्हणून खास जलद बोटी सोडतात, लोक खोकीच्या खोकी भेट देतात. हा उपभोग नाही तर काय? आणि घरं थांबली तरी ईव्ही आणि वीजवाहिन्यांना तांबं लागतंच की.

खाणकामगार: चेरीवर चिली चालत नाही. त्याच चिलीतली वाचिपातोची पोलाद भट्टी 2024 ला बंद पडली, चिनी स्वस्त स्टीलपुढे टिकलीच नाही. त्या एका वर्षात चीनने 11 कोटी टनांवर स्टील बाहेर काढलं, घरात खपेना म्हणून. म्हणजे गिऱ्हाईक तर गेलंच, वर समोर दुकान थाटून बसलं.

मधलाच: दोघंही खनिज आणि फळांत अडकलात राव. कोरियाचं काय? ते चिप, सुटे भाग पाठवायचे, चीन जोडून जगाला विकायचा, आता बरेचसे भाग चीन स्वतःच बनवतो. 2023 ला कोरियाला चीनशी व्यापारात तूट आली, 1992 नंतर पहिल्यांदा. त्याच वर्षी चीनमध्ये गाड्यांच्या विक्रीत त्यांच्याच बीवायडीने जर्मन फोक्सवॅगनला मागे टाकलं. यात उपभोग कुठे आला, शिष्य गुरूच्या पुढे गेला एवढंच.

उलटतपासणी: बरोबर. आणि खाणवाल्यांचं रडणं जुनंच आहे, 2015 च्या डिसेंबरात खनिज टनाला 40 डॉलरच्या खाली गेलं तेव्हाही संपलं संपलं म्हणत होते, 2021 ला तेच 200 च्या वर!

खाणकामगार: खनिज अजून जातंय हे मान्य, चीन अजूनही वर्षाला शंभर कोटी टनांच्या आसपास स्टील बनवतोय, पण त्यातलं इमारतीत कमी आणि जहाजात भरून बाहेर जास्त चाललंय, माझं दुखणं तेच आहे. आणि घरगुती खर्च जीडीपीच्या 40 टक्क्यांच्या आतच आहे, कसला डोंबलाचा उपभोग.

उलटतपासणी: थांबा थांबा. आधी म्हणालात उपभोगाकडे वळला की आपलं नुकसान, आता म्हणता वळलाच नाही. एक काहीतरी धरा.

खाणकामगार: हम्म, पकडलंत. ठीक आहे, वळलाच नाही हे धरतो. पण वळेल तेव्हा केस कापण्याचं काय ते सांगा.