मदत हवी आहे : गोवा घटक राज्य झालं तेव्हाच्या आठवणी

मंडळी, आमची आजी पेडण्याची. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात तिनं फुलावर शिक्का मारला, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण. जिंकली दोन पानं, म्हणजे केंद्रशासित. तुळशीला पाणी घालताना आजी अजून त्या पानांवर चिडते!

स्वतंत्र राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. ते झालं ३० मे १९८७ला. दमण-दीव केंद्राकडेच राहिलं. मला मधली २० वर्षं हवी आहेत. विलीनीकरणवाले घटक राज्याच्या बाजूला कधी नि कसे वळले? फेब्रुवारी १९८७च्या राजभाषा कायद्यावरून तुमच्या घरात कोकणी-मराठी वाद पेटला होता का? तारखा मिळाल्यात, घरातलं बोलणं हवंय. जुनी कात्रणं असतील तर फोटो टाका ना.