पवना जलाशयाभोवतीची छोटी मॅरेथॉन: वेग काय धरावा?

काठोकाठ:
डिसेंबरात पवनेच्या काठाने एक छोटी मॅरेथॉन आहे. अंतर मात्र पूर्ण, 42.195 किमी, एकूण चढ 600 मीटर, पाणी दर 5 किमीला, सुरुवात पहाटे 5:30 ला. सपाटीवर 4 तास 15 मिनिटं लागतात. मार्गात मोठा घाट नाही, मग 600 मीटर येतात कुठून? ट्रेलचे (डोंगरवाटेचे) बूट घ्यावेत का?

सोंडकर:
धरणाचा काठ म्हणजे सपाट रस्ता, ही समजूतच घात करते. दरी पाण्याखाली गेलेली असते, रस्ता जातो डोंगराच्या सोंडांवरून. प्रत्येक ओढ्याच्या मोरीपर्यंत उतरायचं, की लगेच पुढची सोंड. 20-30 मीटरचे असे पंचवीस चढ झाले की भरले 600.

चढावर घड्याळातला वेग बघूच नका, दम बघा. एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. तुमचा सपाटीचा वेग किमीला 6:02 मिनिटं. तेवढ्याच दमात 4% चढावर 6:40-6:50 येईल. उतारावर 5:40 पेक्षा जोरात नको. 8% च्या वर चढ असेल तर सरळ भरभर चाला, फारसं काही हरत नाही. दर 100 मीटर चढामागे दीड-दोन मिनिटं धरली तर साडेचार तास हे प्रामाणिक लक्ष्य.

मांडीपुराण:
वरच्यांशी सहमत, पण लोक मोडतात ते उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकसून ब्रेक लावत असतो, त्यात तंतूंना बारीक इजा होते. 30 किमीनंतर पाय लाकडासारखे होतात ते यामुळे. उपाय एकच, आधी सवय. सहा आठवडे राहिले की आठवड्यातून एकदा पुण्याच्या बोपदेव घाटात किंवा ठाण्याच्या येऊरला 400 मीटरचे 4 उतार, वाढवत 8 पर्यंत. शेवटचा सराव स्पर्धेच्या 12-14 दिवस आधी. त्यानंतर केलात तर दुखणं घेऊनच उभे राहाल. पावलं आखूड, गुडघा किंचित वाकलेला, टाच शरीराच्या पुढे आपटायची नाही.

बूट रोडचेच. डांबरावर ट्रेलच्या तळाचे रबरी दाते फक्त वजन वाढवतात. लेस सर्वांत वरच्या जादा भोकातून ओवून घ्या, नाहीतर उतारावर पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख काळं पडतं.

लिंबूमीठ:
खाण्याचं कुणी बोललंच नाही. तासाला 40-50 ग्रॅम कर्बोदकं हवीत, म्हणजे साधारण दोन जेल (धावताना घ्यायच्या गोड, घट्ट द्रवाच्या पुड्या). पहिलं 40 व्या मिनिटाला, साध्या पाण्याबरोबर. इलेक्ट्रालवर (पाण्यात कालवायची ओआरएस पावडर) भिस्त नको: लिटरमागे ग्लुकोज जेमतेम 13.5 ग्रॅम, ते मिठासाठी. मोठं पाकीट पूर्ण एक लिटरलाच. घट्ट केलंत तर पोट ढवळतं. चिक्की मात्र चढावर तोंडात घोळते, गिळवत नाही. पाण्याची टेबलं लांब आहेत, 250 मिलीची एक बाटली जवळ ठेवा.

काठोकाठ:
सगळ्यांचे आभार. रस्ता कडेच्या बाजूला कललेला आहे, त्याचं काय?

सोंडकर:
एकाच दिशेने फेरी असल्यामुळे तोच पाय सतत खालच्या बाजूला पडतो आणि गुडघ्याच्या बाहेरून दुखायला लागतं. पहाटे रस्ता मोकळा असतो तेव्हा रस्त्याचा मधला उंचवटा धरा. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तोवर हेडटॉर्च लागेलच. नऊनंतर काठावर तंबूत राहिलेल्यांच्या गाड्या परतायला लागतात, तेव्हा समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशी उजवी कड.