मदत हवी आहे: क्ले (हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या) आणि फेझंट (शिकारीचा पक्षी) यांच्यासाठी २० बोअरची शॉटगन की २८ बोअरची?

मी इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरला असतो. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय आणि १२ बोअरचा धक्का आता सोसवत नाही (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचा आकडा; आकडा मोठा तेवढी नळी अरुंद). बंदूक ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची), साडेतीन किलोची. २८ ग्रॅम छर्र्यांवरून २४ ग्रॅमच्या काडतुसांवर आलो, दस्त्याला जाड रबरी पॅड लावला, दस्ता मापाने कमीही करून घेतला. फरक पडला, पण पन्नास क्ले झाले की खांदा ठणकतोच.

४१० (२८ बोअरहूनही अरुंद नळीची बंदूक) नको आहे. तिच्यात छर्रे फार कमी, कडेच्या क्ले हातच्या जातात. म्हणून २० किंवा २८. दोन्हींत २१ ग्रॅमचं काडतूस मिळतं. गोंधळ इथेच आहे: २८ बोअरची बंदूक बहुतेकदा हलकी असते आणि तेवढ्याच भाराला, तेवढ्याच वेगाला हलकी बंदूक जास्त धक्का देते. मग २८ चा फायदा नेमका कुठे? शिवाय फार हलकी नळी स्विंग करताना (उडत्या निशाण्यामागे फिरवताना) मध्येच थांबते, हे मी मित्राच्या बंदुकीवर अनुभवलंय.

वापर मुख्यतः स्कीटचा (क्ले-नेमबाजीचा एक प्रकार), म्हणजे साधारण २० यार्डांचा, आणि हिवाळ्यात थोडे फेझंट, ३५ यार्डांच्या आतले. लायसन्स आहे, आमच्या मैदानावर शिशाचे छर्रे चालतात, सेमी-ऑटो मात्र नको.

ज्यांनी दोन्ही वापरल्यात त्यांना विचारतो: तीन किलोच्या आसपासच्या २० बोअरमध्ये २१ ग्रॅम वापरलं, तर ३० ते ३५ यार्डांवर पॅटर्न (छर्र्यांचा पसारा) २८ बोअरपेक्षा विरळ पडतो का, आणि कोणता चोक (नळीचं तोंड अरुंद करणारा भाग) लावता?