रॉड्रिगेझचे 40 लाख कोणी भरले?

‘रॉड्रिगेझचा बायआउट, म्हणजे करार मुदतीआधी सोडल्याची भरपाई, नव्या विद्यापीठानेच भरला’ असं म्हणतात; हे अर्धंच खरं. डिसेंबर 2007 मध्ये अमेरिकन फुटबॉलचे कोच रिच रॉड्रिगेझ वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ सोडून मिशिगन विद्यापीठात गेले, तेव्हा वेस्ट व्हर्जिनियाशी असलेल्या करारात 40 लाख डॉलरच्या बायआउटचं कलम होतं. मिशिगन त्या करारात पक्षकारच नव्हतं, म्हणून दावा पडला तो कोचवर. रॉड्रिगेझचा बचाव असा, की रक्कम कमी करू असं वेस्ट व्हर्जिनियाने म्हटलं होतं. तोंडी! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सही केलेल्या कागदावर मात्र पूर्ण आकडा. खरंच कमी करायची होती तर दोघांच्या सहीची पुरवणी हवी होती. जुलै 2008 मध्ये तडजोड झाली, पण एक डॉलरही सुटला नाही: 25 लाख मिशिगनचे, 15 लाख रॉड्रिगेझचे, तेही पाच-पाच लाखांच्या तीन हप्त्यांत.