लोकानुनय, लोकवाद आणि आमच्याकडचं गाऱ्हाणं

भाची मालवणात बारावीला राज्यशास्त्र शिकवते. पॉप्युलिझम, म्हणजे 'सामान्य लोक विरुद्ध वरचे मूठभर' अशा भाषेतलं राजकारण. त्यासाठी तिच्या मुलांना तीन शब्द सापडले: लोकानुनय, लोकरंजन, लोकवाद. तिन्ही एकच का, असं त्यांनी विचारलं आणि तिने मला. माझ्या मते एक नाहीत.

अनुनय म्हणजे मनधरणी, रुसलेल्याची करतात ती. रंजन म्हणजे खूश करणं. 'प्रजेला रंजवतो तो राजा' अशी राजा या शब्दाची जुनी फोडही सांगतात. दोन्ही शब्दांत करणारा वर बसलेला आणि लोक नुसते भुलणारे. 'लाडकी बहीण'चे महिन्याला 1500 रुपये 2024 मध्ये सुरू झाले, तेव्हा टीकाकारांनी लोकानुनय हा शब्द वापरला. योजना बरी की वाईट ते बाजूला ठेवू, पण सरकार काही देतं आहे अशा ठिकाणी तो शब्द निदान बसतो तरी. 'अमेरिकेत लोकानुनयाची लाट' असं वाचलं की मात्र मला खटकतं.

कारण मूळ शब्द मनधरणीतून आलेलाच नाही. 1892 मध्ये अमेरिकेत पीपल्स पार्टी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरली. कॅन्सस, नेब्रास्काकडचे शेतकरी तिच्यात होते. मालाचे भाव पडलेले, डोक्यावर कर्ज, आणि माल बाजारात न्यायचा तर रेल्वे कंपनी सांगेल ते भाडं. रेल्वे सरकारने ताब्यात घ्यावी, जास्त मिळकतीवर जास्त कर लावावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यांचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांवर मतं पडली. या लोकांना पॉप्युलिस्ट म्हणत. त्यांना कोणी गोंजारत नव्हतं, तेच ओरडून सांगत होते. लोकानुनय म्हटलं की हे ओरडणं पुसलं जातं.

शब्द कोणाच्या बाजूने बोलतो, याचं एक जुनं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने भारतातल्या 'अनरेस्ट'चा जनक म्हटलं. अनरेस्ट म्हणजे अशांतता, राज्यकर्त्याला दिसते ती. मराठीने त्याचा 'असंतोष' केला, तो रयतेच्या पोटातला. शिवी म्हणून आलेलं विशेषण आपण बिरुद म्हणून मिरवतो, ते या एका शब्दामुळे. भाषांतर करणाऱ्याने केवढं काम केलं!

आता गाऱ्हाणं. कोशातला अर्थ तक्रार, आणि संस्कृत 'गर्हणा'शी त्याचं नातं जोडतात. देशावर गाऱ्हाणं सांगतात, मांडतात. आमच्या सिंधुदुर्गात ते घालतात, देवाला. ग्रामदैवत रवळनाथाच्या देवळात गावकार, म्हणजे गावाचा मानकरी, नारळ हातात धरून उभा राहतो, 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरू करतो, आणि प्रत्येक मागण्यावर मागचा सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. एका वर्षीचं मला अजून आठवतं. खालच्या वाडीच्या विहिरींत खारं पाणी शिरलं होतं. गावकाराने पाऊसपाणी घेतलं, मुंबईकर चाकरमानी घेतले, गुरंढोरं घेतली, पण विहिरींचं राहिलं. पुढच्या ओळीने 'व्हय' म्हटलं, मागून आवाजच आला नाही. गावकार थांबला, वळून बघितलं, आणि नारळ तसाच धरून विहिरींचं घातलं. तेव्हा जो 'व्हय म्हाराजा' आला, तो ऐकून देवळातली कबुतरं उडाली.

एकाने सगळ्यांच्या वतीने बोलणं इथे आहे आणि पॉप्युलिझममध्येही. पण 'लोक म्हणजे मीच' असं म्हणणारा नेता मागे वळून बघत नाही. मागून आवाज आला नाही तर 'ते आपले नव्हेतच' म्हणतो. लोकांचं गाऱ्हाणं खरं आणि ते घालणारा खोटा, असं होऊ शकतं. 'लोकवाद' या शब्दात दोन्हींना जागा राहते. म्हणून मी भाचीला सांगितलं, वाटपाच्या घोषणेला लोकानुनय म्हण, चळवळीला लोकवाद म्हण.

प्रतिसाद (अलिबागहून): पटलं. फक्त चळवळ म्हटली की सरसकट लोकवाद नको. आमच्याकडे अलिबागजवळच्या चरी गावात 1933 पासून 1939 पर्यंत कुळांनी शेतं कसली नाहीत. पुढारी नारायण नागू पाटील होते. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोताचा गावच्या जमिनीवरचा हक्क, रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, कायदा व्हायला 1949 उजाडलं. चरीच्या त्या लढ्याला आम्ही आजही संपच म्हणतो. मागणं ठरलेलं होतं, समोर खोत होता, आणि उपासमार सोसून माणसं आपल्या शब्दाला धरून राहिली. दुसरं असं की, पॉप्युलिझमच्या चर्चेत येणारा आर्थिक विषमता हा शब्द तिथल्या कुळाला कळला नसता. अर्धं पीक खोताच्या घरात जातं, हे कळत होतं.

मूळ लेखक: संपाचं तुमचं म्हणणं मान्य, सरसकट म्हणणं चूकच. विषमतेबद्दल तर शंभर टक्के. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं, ओढून झाली की किनाऱ्यावर मासळीचे वाटे पडतात, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यामुळे यांत्रिक बोटींतून मोठ्या जाळ्यांनी मासेमारी करणाऱ्या पर्ससीनवाल्यांबद्दल रापणकर बोलतो तेव्हा तो 'विषमता' म्हणत नाही. म्हणतो, 'दर्यो सगळ्यांचो, मगे आमच्या वाट्याक काय इला?' सरकारबद्दलही हेच वाक्य असतं, शब्दही बदलत नाही. भाचीला हे कळवतो, वर्गात विषमतेचा धडा ती या वाक्यापासून सुरू करू शकेल.

रत्नागिरी, गुहागरकडे गाऱ्हाणं 'घालतात' की 'सांगतात'? कोणी तिकडचं असेल तर जरूर लिहा.